तुम्ही तेव्हा तिथे नव्हतात, म्हणून काय झालं?

वाचकाचं पत्र

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये बोल्टनला आलो, त्याला आता दशक उलटून गेलं. काही वर्षांपूर्वी शेजारचे एक सत्तरीचे गृहस्थ मला आग्रहाने त्यांच्या क्लबातल्या 'सोल नाइट'ला घेऊन गेले. लाकडी फरशी, तिच्यावर भुरभुरलेली टाल्कम पावडर आणि साठी ओलांडलेली माणसं तरुणांसारखी गिरक्या घेत होती. त्या रात्रीपासून मी नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडने जपलेल्या साठीच्या दशकातल्या अमेरिकी नाचगाण्यांच्या, नादी लागलोय. घरात आता तीनेकशे सिंगल्स, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड, आहेत.

सध्या एक रेकॉर्ड विकायला आली आहे. डेट्रॉइटच्या एका छोट्या लेबलची (रेकॉर्ड कंपनीची), १९६६ सालची. किंमत १,८०० पौंड. पैसे आहेत, पण डिसेंबरात सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी कोल्हापूरला जायचं म्हणून ते बाजूला ठेवलेत. बायको म्हणते, "दुसऱ्यांच्या तरुणपणाच्या आठवणी आपण का विकत घ्यायच्या?" मला उत्तर देता आलं नाही. त्यातच मागे क्लबातल्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "तू विगन कॅसिनोला होतास का?" विगनचं हे कॅसिनो म्हणजे नॉर्दर्न सोलचा सगळ्यात गाजलेला क्लब. माझा जन्म १९८३ चा. कॅसिनो तेव्हा बंद पडलेलं होतं. ज्या रेकॉर्डबद्दल लिहितोय, ती हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांकडेच आहे.

रेकॉर्ड घेऊ का? मी उगीच या लोकांच्यात शिरतोय का? आणि माझ्यानंतर या पेट्यांचं काय होणार? मुलीला यात अजिबात रस नाही.

उत्तर

सप्रेम नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ही रेकॉर्ड आत्ता घेऊ नका. तिकिटं काढा, सासऱ्यांची पंचाहत्तरी थाटात करा. पण रेकॉर्ड जमवणं थांबवू नका. हा छंद तुम्हाला मनापासून लागलाय, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं.

नको म्हणायचं कारण फक्त पैशाचं नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी शेवटी, जाता जाता आलंय: ती रेकॉर्ड तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांकडेच आहे. मला वाटतं, खरी गोष्ट तिथेच आहे. त्या गाण्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. गायक कोण, चाल कशी, पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा काय झालं, यातलं काहीच नाही. लेबल, साल, किंमत आणि ती कोणाकडे आहे, एवढंच आहे. तुम्हाला त्या मंडळींत बसायला जागा हवी आहे आणि १,८०० पौंडांत ती मिळेल असं तुमच्या मनाने घेतलंय. त्या पैशांत रेकॉर्ड मिळेल, जागा मिळणार नाही. उद्या दुसरा कोणी त्याहून दुर्मिळ रेकॉर्ड दाखवून पुन्हा तोच प्रश्न विचारेल.

म्हणून त्या प्रश्नाकडेच नीट पाहू. "तू विगनला होतास का?" हा प्रश्न तुम्हाला लागला, कारण होते ते खरे आणि नव्हते ते उपरे, असं तुम्ही मनोमन मान्य केलंत. पण या संगीताचा इतिहास जरा उलगडून पाहा. त्यात वेळेवर पोहोचलेलं कोणीच सापडत नाही.

ही गाणी साठीच्या दशकात अमेरिकेत झाली. डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या यशाने भारावलेली शेकडो छोटी लेबलं निघाली, कृष्णवर्णीय गायक-गायिकांनी जीव ओतून सिंगल्स केल्या आणि त्यांतल्या बहुतेक पडल्या. रेडिओवर वाजल्या नाहीत, दुकानात खपल्या नाहीत, गठ्ठेच्या गठ्ठे गोदामांत पडून राहिले. अमेरिका पुढे गेली, फंककडे वळली. उत्तर इंग्लंडमधली कारखान्यांच्या गावांतली पोरं मात्र त्या जलद, ठेक्याच्या, पडलेल्या गाण्यांना चिकटून राहिली. त्यांचा आधीचा क्लब, मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, १९६३ मध्ये सुरू झालं आणि १९७१ मध्ये बंद पडलं. 'नॉर्दर्न सोल' हे नावसुद्धा लंडनमध्ये पडलंय. डेव्ह गॉडिन या पत्रकाराचं कॉव्हेंट गार्डनमध्ये 'सोल सिटी' नावाचं दुकान होतं. फुटबॉलचे सामने बघायला आलेली उत्तरेकडची पोरं तिथे येत आणि नवा माल सोडून जुन्याच धर्तीची गाणी मागत. त्यांना काय ऐकवायचं, हे दुकानातल्या माणसांना चटकन कळावं म्हणून त्याने हे नाव वापरलं आणि १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या आपल्या सदरात छापलं.

विगन कॅसिनोचं पहिलं ऑल-नायटर, म्हणजे रात्रभराचा नाच, २३ सप्टेंबर १९७३ ला झालं. म्हणजे तुमच्या क्लबातले ते गृहस्थ तिथे पहिल्या रात्री जरी गेले असतील, तरी ज्या गाण्यांवर ते नाचले त्यांतली कितीतरी सात-आठ वर्षं जुनी होती, दुसऱ्या खंडातली होती, आणि ज्यांनी ती गायली त्यांच्यासाठी तो विषय केव्हाच संपला होता. डेट्रॉइटला ते कुठे होते? त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते शहर तोवर पाहिलंही नसणार. ज्या जागी आपण कधी नव्हतो, तिथल्या गाण्याने जीव कासावीस व्हावा, यावरच ही सगळी चळवळ उभी राहिली. तुमच्याबाबतीत तेच घडलंय, पन्नास वर्षं उशिरा.

आणखी एक गोष्ट त्या मंडळींना ठाऊक असते, पण बोलताना सुटून जाते. खुद्द कॅसिनोतच 'मिस्टर एम्स' नावाची दुसरी खोली होती आणि तिथे जुनी, आधीच्या क्लबांत गाजलेली गाणी वाजत. म्हणजे ज्या काळाची आज आठवण काढतात, त्या काळातही मागचा काळ आठवायला वेगळी खोली होती. ब्लॅकपूल मेक्का या नृत्यगृहाच्या हायलँड रूममध्ये इयन लेव्हीन आणि कॉलिन कर्टिस हे डीजे सत्तरच्या दशकातलं ताजं सोल वाजवायला लागले, तेव्हा निष्ठावंत असे खवळले की 'लेव्हीनला हाकला' अशा अर्थाचे फलक निघाले. जुनं जपायचं की नवं शोधायचं, हे भांडण या लोकांत तेव्हापासून चालू आहे. तुमच्यासारख्या नवख्यावर ते आज अचानक येऊन पडलेलं नाही.

आता वहिनींचा प्रश्न. "दुसऱ्यांच्या आठवणी का विकत घ्यायच्या?" प्रश्न फार चांगला आहे आणि त्याला टाळू नका. त्यांना एवढंच विचारा: बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. त्यांना रंगमंचावर तुमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नाही. तरी त्यांची तबकडी लागली की आपल्या घरांतून माणसं गप्प होतात ना? ती आठवण कोणाची? कोणाच्या आजोबांची असेल. पण आवाज आज ऐकू येतोय आणि ऐकणारा आज जिवंत आहे. गाणं ऐकायला त्या काळाचा दाखला लागत नाही.

पण वहिनींच्या प्रश्नात दुसरंही काहीतरी आहे आणि तिथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. गाणं वेगळं आणि त्याची किंमत वेगळी. जुन्या काळाबद्दलच्या हळवेपणाचा एक बाजार आहे. त्या बाजारात तुम्ही गाण्याचे पैसे देत नाही, दुर्मिळतेचे देता.

डॅरेल बँक्सचं 'ओपन द डोअर टु युअर हार्ट' घ्या. १९६६ मध्ये अमेरिकेत रेव्हिलॉट लेबलवर ते निघालं आणि चांगलं गाजलं. त्या अमेरिकी सिंगल्स आजही थोडक्या पौंडांत मिळतात. इंग्लंडमध्ये मात्र ते आधी 'लंडन' लेबलवर यायचं होतं. हक्कांवरून वाद झाला, ती आवृत्ती मागे घेतली आणि गाणं 'स्टेटसाइड'वर आलं. लंडन लेबलची विक्रीसाठी छापलेली एक प्रत काही वर्षांपूर्वी सापडली आणि साडेचौदा हजार पौंडांना विकली गेली. गायक तोच, सूर तोच, श्वास तोच. फरक फक्त मधल्या गोल कागदाचा. त्या कागदाची हौस असणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यामागे शोधाचा खरा थरार असतो आणि छपाईचा इतिहास त्यांच्यामुळेच कळतो. पण सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचे पैसे त्या कागदासाठी नाहीत.

सगळ्यात महाग रेकॉर्डची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)', १९६५, मोटाउनचं 'सोल' नावाचं उपलेबल. विक्रीआधीच्या नमुन्याच्या (डेमो) प्रती छापल्या गेल्या, पण विल्सनने गायक न होता निर्माता व्हायचं ठरवलं आणि त्या प्रती नष्ट केल्या गेल्या. कशाबशा दोनेक वाचल्या. त्यांतली एक मोटाउनच्या संग्रहातून बाहेर आली, फिरत फिरत इंग्लंडला पोहोचली आणि विगनमध्ये भलत्याच गायकाच्या नावाने वाजली. २००९ मध्ये एक प्रत पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकल्याची बातमी आली. दरम्यान विल्सन निर्माता म्हणून मोठा झाला, मग तेही सोडून धर्मोपदेशक झाला आणि २०१२ मध्ये गेला. ज्या गाण्यासाठी जग एवढे पैसे मोजतं, ते त्याने विशी-पंचविशीतच बाजूला ठेवलं होतं. त्या लाखातला एक पौंडही गायकाकडे जायचा मार्ग नाही, कारण जुन्या रेकॉर्डची फेरविक्री ही दोन संग्राहकांमधली देवघेव असते.

मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त टोचतं ते हे. आठवणींच्या मैफलीत विगनची फरशी असते, रुंद पायांच्या पँटी असतात, मुठीचं चित्र असलेले बिल्ले असतात. ती मूठ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यातली आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांनी गायलं ती माणसं तर चित्रात नसतातच. काहींना उत्तर इंग्लंडने खरंच दुसरं आयुष्य दिलं. मेजर लान्स १९७२ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टन्स्टॉलला गोल्डन टॉर्च या क्लबात गायला आणि त्या कार्यक्रमाची एलपी निघाली. एडविन स्टार इंग्लंडमध्येच स्थायिक झाला आणि २००३ मध्ये तिथेच गेला. पण बहुतेकांना आपलं गाणं समुद्रापलीकडे कोणी रात्रभर नाचतंय, याचा पत्ता वर्षानुवर्षं नव्हता. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' १९६५ मध्ये सिंगलच्या मागच्या बाजूला आलं आणि विसरलं गेलं. रिचर्ड सर्लिंग या डीजेला १९७३ मध्ये अमेरिकेत त्याची प्रत मिळाली. हा सर्लिंग त्याच सुमाराला तुमच्या बोल्टनमध्येच 'व्हा व्हाज' क्लबात वाजवत होता. १९८१ मध्ये सॉफ्ट सेलने ते पुन्हा केलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. क्लबात त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, तर व्हा व्हाजबद्दल विचारा. त्यांना बोलतं करायला तो उत्तम विषय आहे.

त्यांच्यावर रागावू नका, असंही सांगेन. त्या प्रश्नात सगळा गर्वच असेल असं नाही. पोटापाण्यासाठी आठवडाभर गिरणीत, खाणीत, कारखान्यात राबायचं आणि शनिवारी मध्यरात्री बॅगेत बदलायचा शर्ट घालून विगनची गाडी पकडायची. कॅसिनोचं दार रात्री दोनला उघडायचं आणि सकाळी आठला गाणी थांबायची. आत दारू नव्हती. शेवटची तीन गाणी ठरलेली: जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड, डीन पॅरिश. डिसेंबर १९८१ मध्ये ते बंद झालं, पुढे इमारतीला आग लागली आणि ती पाडली. त्या जागेवर आज ग्रँड आर्केड नावाचं खरेदी केंद्र आहे. गिरण्या गेल्या, खाणी गेल्या, ती फरशीही गेली. त्या माणसाकडे तिथे असल्याचा पुरावा म्हणून रेकॉर्डच उरल्यात. "तू होतास का?" असं विचारताना तो कदाचित "मी होतो" एवढंच सांगत असेल.

त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की त्या आठवणी पुष्कळ काही गाळून येतात. त्या रात्री जागवल्या जायच्या त्या अनेकदा ॲम्फेटामाइनच्या गोळ्यांवर. औषधांची दुकानं फोडली जायची, पोरं पकडली जायची, काही जीवानिशी गेली. टॉर्चचा परवाना १९७३ मध्ये गेला, त्यामागेही गोळ्यांची कुजबुज होतीच. आणि ज्या लँकाशायरच्या गिरण्यांबद्दल हे लोक बोलतात, त्यांच्या रात्रपाळ्या त्याच वर्षांत गुजराती आणि पाकिस्तानी कामगार सांभाळत होते. बोल्टनच्या त्या इतिहासात आपल्या उपखंडाची माणसं पहिल्यापासून आहेत. तुम्ही तिथे पाहुणे नाही.

तर मग जमवायचं कसं? कानाने जमवा. एवढ्यात महाग काही घेण्याऐवजी दर महिन्याला एक ठराविक रक्कम वहिनींशी बोलून ठरवा आणि तिच्या आत राहा. रक्कम किती हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ती दोघांनी मिळून ठरलेली असावी आणि त्यानंतर प्रत्येक खरेदीचा जाब विचारला जाऊ नये. चोरून आणलेलं पाकीट घरात आलं की गाण्याचा आनंद जातो.

परवाना घेऊन काढलेल्या नव्या आवृत्त्यांना कमी लेखू नका. केंट हे लेबल १९८२ पासून हे काम करतंय. मूळ टेप शोधायच्या, हक्कदारांशी करार करायचे, गायकांना शोधून त्यांच्याशी बोलायचं आणि ते सगळं आतल्या पुस्तिकेत छापायचं. कित्येक गायकांचे पूर्ण नाव-पत्ते आणि हकिकती जगाला अशा पुस्तिकांतून कळल्या. क्लबात वाजवायला मूळ प्रतच हवी, असा काही ठिकाणी नियम असतो. त्याचा मी आदर करते, कारण चोरट्या छपाईला त्यामुळे आळा बसतो. पण घरी ऐकायला तो नियम लागू नाही. उलट, १,८०० पौंडांची मूळ प्रत घेतलीत तर पैसे विकणाऱ्याला जातात. परवान्याची नवी सिंगल घेतलीत तर त्यातले थोडे तरी गायकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला जाण्याची शक्यता असते. तुम्हाला हवं ते गाणं पुन्हा निघालंय का, हे आधी बघा. ते घरी आणा, दोन-तीन महिने वाजवा. तरीही मूळ प्रतीचा ध्यास राहिला तर मग तो खरा समजा.

मूळ प्रत घ्यायची वेळ येईल तेव्हा दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघा. एक म्हणजे चोरटी छपाई. सत्तरच्या दशकात मागणी एवढी होती की लोकप्रिय गाण्यांच्या नकला सर्रास निघाल्या आणि त्या नकलाही आता पन्नास वर्षांच्या जुन्या दिसतात. लेबलाच्या कडेला, जिथे खाचा संपतात, त्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरं आणि आकडे वाचा. मूळ प्रतीवर ते कसे असतात, हाताने कोरलेले की यंत्राने उमटवलेले, हे जाणकारांच्या याद्यांशी ताडून पाहा. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात छापलेल्या रेकॉर्डवर लहान त्रिकोण आणि त्याच्याशेजारी क्रमांक असतो. असला तपशील जिथे असायला हवा तिथे नसेल, लेबलाची छपाई पुसट असेल, आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा असेल, तर थांबा. ओळखीच्या माणसाकडून घेत असलात तरी हे सगळं बघा. त्याचीही कधी फसवणूक झालेली असू शकते.

दुसरी गोष्ट स्टायरिन. त्या काळच्या पुष्कळशा अमेरिकी सिंगल्स व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरिनच्या आहेत. हातात हलक्या आणि कडक लागतात, लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. त्या दिसायला चकचकीत राहतात आणि आतून झिजतात. जड सुयांवर पाचशे वेळा वाजलेली, डीजेने सुरुवातीच्या सुरावर पुढे-मागे फिरवलेली स्टायरिनची रेकॉर्ड डोळ्याला नवी दिसेल आणि कानाला खरखरेल. म्हणून नुसता फोटो आणि 'उत्तम अवस्था' हे शब्द पुरेसे नाहीत. संपूर्ण गाणं, दोन्ही बाजू, समोर वाजवून ऐका. घरीही झिजलेल्या सुईने असल्या रेकॉर्ड वाजवू नका, त्या उभ्या ठेवा आणि रेडिएटरपासून व पोटमाळ्यापासून लांब ठेवा. डिसेंबरात घर बंद करून जाल त्याआधी घराच्या विम्याची कागदपत्रं वाचा. ठरावीक रकमेच्या वरची वस्तू बहुतेक ठिकाणी वेगळी नोंदवावी लागते.

आणि नाचा! पत्रात तुम्ही इतरांच्या नाचण्याबद्दल लिहिलंत, स्वतःच्या नाही. त्या फरशीवर उतरलात की नाही अजून? ही गाणी खुर्चीत बसून ऐकायला झालेली नाहीत. गिरक्या आणि उड्या जमल्याच पाहिजेत असं काही नाही. पायांचा साधा सरकता ठेका तुमचे शेजारी एका संध्याकाळी शिकवतील. वहिनींना एकदा बरोबर न्या, मुलीलाही न्या. ब्रिस्टलमध्ये आणि लंडनमध्ये आता विशी-तिशीची मुलंमुली स्वतःच्या नॉर्दर्न सोलच्या रात्री भरवतात. त्यांच्यापैकी कोणीही विगनला नव्हतं. जुलै २०२३ मध्ये तर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात ही गाणी पूर्ण वाद्यवृंदासह झाली. आपल्या बंदिस्त कोपऱ्यातलं गाणं एवढ्या मोठ्या सभागृहात गेलं म्हणून काही जुन्या मंडळींचं मन दुखलं असेल. मला मात्र फार बरं वाटलं.

राहिला पेट्यांचा प्रश्न. मुलीला रस नाही, ठीक आहे. तिच्यावर लादू नका. पण तिला कोडंही घालू नका. एका वहीत किंवा संगणकावर यादी करा: गायक, लेबल, क्रमांक, पट्टीवरची अक्षरं, कुठून घेतली, किती पैसे दिले, साधारण आज काय येतील, आणि विकायची झाल्यास कोणाला विचारायचं. जी रेकॉर्ड कोणाच्या तरी हातूनच पुढे जावी असं वाटतं, तिथे त्या माणसाचं नाव लिहा. मोठा संग्रह असलेला माणूस अचानक गेला की घरचे लोक गठ्ठ्याने मिळेल त्या भावाला देऊन टाकतात आणि कोणत्या रेकॉर्डबरोबर कोणती हकिकत होती तेही जातं.

म्हणून त्या यादीत एक रकाना हकिकतींचा ठेवा. तुमच्याकडे तीनशे सिंगल्स आहेत आणि शेजारी पन्नास वर्षांच्या आठवणी असलेला माणूस राहतो. एकेका रविवारी त्यांना चहाला बोलवा, पाच-सहा रेकॉर्ड लावा आणि फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. कोणतं गाणं कुठे पहिल्यांदा ऐकलं, इतर डीजेंना गाणं सापडू नये म्हणून कोणत्या डीजेने लेबलावर कागद चिकटवून खोटं नाव लिहिलं होतं, खरं नाव कधी कळलं, बरोबर कोण होतं. आपल्याकडे मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तबकड्यांच्या याद्या, लेबलांची माहिती, संग्राहकांच्या हकिकती छापून ठेवल्या. त्यातून कितीतरी कलावंतांचं काम पुन्हा उजेडात आलं. तुम्ही बोल्टनमध्ये तुमच्या गल्लीपुरतं तेच करू शकता. त्याला १,८०० पौंड लागत नाहीत. आणि ज्या गृहस्थांनी तुम्हाला तो प्रश्न विचारला, त्यांनाही या रविवारच्या बैठकीला बोलवा. विकायला काढलेली ती सिंगल बरोबर आणायला सांगा. मूळ प्रत तुमच्या यंत्रावर पूर्ण ऐका. त्यांनी ती का विकायला काढली, हेही विचारा. या वयात अशी रेकॉर्ड माणूस सहज काढत नाही. त्यांना पैशाची निकड असेल किंवा त्यांच्याही घरी पेट्या घेणारं कोणी नसेल. तसं असेल, तर यादी करायला तुम्ही त्यांना मदत करू शकाल.